रेडकू उभं राहत नाही तेव्हा

निरोगी रेडकू जन्मल्यावर तास-दोन तासांत पायांवर उभं राहतं आणि आचळ शोधू लागतं. एखाद्याचे पुढचे पाय मात्र घोट्यापाशी आत मुडपलेले असतात. कल्याणच्या खाडीकाठचा तबेला असो की मुरबाड-शहापूरकडचा गोठा, असं पिल्लू दिसलं की ‘हे काही जगायचं नाही’ हा निकाल लगेच दिला जातो. त्यातून नर असेल तर त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. हा निकाल अनेकदा चुकीचा ठरतो. असं रेडकू दगावतं ते वाकड्या पायांमुळे कमी, कासेपर्यंत पोचता न आल्यामुळे जास्त.

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं पोटातच वारेतून मिळतात. गाई-म्हशींच्या वारेतून ती जवळजवळ जातच नाहीत. रेडकाला रोगांशी लढायचं बळ मिळतं ते फक्त चिकातून, आणि तेही घाईनं. प्रतिपिंडं जशीच्या तशी रक्तात घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि साधारण 24 तासांत संपते. 30 किलोच्या रेडकाला पहिल्या दिवशी सुमारे 3 लिटर चीक हवा, त्यातला शक्य तितका पहिल्या दोन-चार तासांत. उभं राहता येत नसेल तर छातीवर बसतं करून बाटलीनं पाजावा. तोंडात ओतू नये, फुप्फुसात जातो. ठाणे-डोंबिवलीत खरवसाला गिऱ्हाईक कायम असतं, पण पहिल्या चिकावर हक्क रेडकाचाच.

आता पाय. मागच्या बाजूचे स्नायुबंध आखडल्यानं ते मुडपतात. गर्भाशयातली अवघडलेली स्थिती हे एक कारण, कधी आनुवंशिकताही. दोष सौम्य असेल तर कोरड्या, न घसरणाऱ्या जमिनीवर हिंडून-फिरून पाय आपोआप सरळ होतात. तबेल्यातली ओली, गुळगुळीत फरशी इथे घात करते. हातानं पाय सरळ होतो पण टिकत नाही, अशा वेळी कापसाची जाड गादी देऊन उभा चिरलेला पीव्हीसी पाइप बांधतात. डॉक्टरांकडून तो पहिल्यांदा बांधून घ्यावा आणि वरचेवर सोडून बघावा. घट्ट बांधलेल्या पट्टीखाली जखमा होतात. हातानंही सरळ होत नसेल तर शस्त्रक्रिया. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभं आहे, तिथवर विचारायला हरकत नाही.

शेपूट उचलून बघायलाही विसरू नये. काही वासरांना गुदद्वारच नसतं. दूध पितात, शेण पडत नाही, पोट फुगत जातं. वर नुसती कातडीच असेल तर जागा बधिर करून छोट्या शस्त्रक्रियेनं वाट मोकळी होते. दोन-तीन दिवस थांबलं तर जनावर हातचं जातं. टाळू दुभंगलेली असून दूध नाकावाटे येत असेल, तर मात्र त्याचे हाल किती लांबवायचे हे डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावं. तीही काळजीच आहे.

व्यंगाचा दोष ग्रहणावर ढकलण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. दोष कधी कधी वळूत असतो. ऑसबर्नडेल इव्हानहो या 1952 साली जन्मलेल्या अमेरिकी होल्स्टीन वळूच्या वंशातून रोगप्रतिकारशक्ती लुळी करणारा एक जनुकदोष जगभर पसरला. दिसायला धडधाकट वासरं त्यानं जंतुसंसर्गाला बळी पडत. त्यामागचा नेमका जनुकबदल 1992 मध्ये सापडला आणि वळूंची तपासणी शक्य झाली. म्हणून कृत्रिम रेतन करताना वळूचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, सव्यंग वासरू झालं तर तो डॉक्टरांना दाखवा. आणि निकाल देण्याआधी 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.