जुन्या फ्रेमचीही तपासणी हवी

पहाटे विजापूर रोडवर सायकल मारणारा एक तरुण परवा ओपीडीत आला. दोन्ही हातांवर लाल पुरळ, सतत खाज. टायटॅनियम आणि कार्बनची जुनी रोड बाइक त्याला स्वस्तात मिळाली होती. घरात पंखा लावून, उघड्या हातांनी तो कार्बनच्या नळ्या पॉलिश पेपरने घासत होता.

टायटॅनियम आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचे. त्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो, म्हणून ते गंजत नाही. हाडांतले स्क्रूही त्याचे असतात. कार्बनच्या नळीत मात्र बारीक तंतू रेझिनने बांधलेले असतात. घासल्यावर उडणारी धूळ त्वचा, डोळे आणि श्वासमार्गाला टोचते. म्हणून पाणी लावून, मोकळ्या हवेत घासा. हातमोजे, चष्मा, एन-९५ मास्क हवाच. रंग काढायचे रसायन वापरू नका, ते रेझिन खराब करते.

मोठा धोका दिसत नाही. कार्बनचे थर आतून सुटले तरी नळी वरून धड दिसते आणि एकाएकी तुटते. नाण्याने हलके ठोकून ऐका. मध्येच आवाज बद्द आला तर संशय घ्या. छाती बोटाने ठोकून तपासण्याची पद्धत डॉ. ऑएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली, तीही आवाजावरच. पण आवाज ठीक आला म्हणजे फ्रेम ठीक, असे नाही. दोन्ही पदार्थ चिकटवलेल्या सांध्यात फट किंवा करकर असेल, तर जाणकाराला दाखवा.

तरुणाचे पुरळ चार दिवसांत गेले. सांध्याजवळ आवाज मात्र बद्द आला. फ्रेम आता भिंतीवर टांगली आहे आणि तो धडधाकट आहे.