बाजारपेठेतून विमानतळावर : मेट्रो-3 आणि आपला धंदा

भेंडीबाजारातल्या किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या व्यापाऱ्याला विमान पकडायचे म्हटले की वर्षानुवर्षे दोनच वाटा होत्या. एक टॅक्सी, दुसरी मशीद बंदरहून हार्बर लोकलने अंधेरी आणि पुढे रिक्षा. दुसरी वाट स्वस्त, पण नमुन्यांची बॅग घेऊन लोकलच्या गर्दीत शिरण्यापेक्षा बहुतेक जण टॅक्सीचेच पैसे मोजत. पार्ले-अंधेरीवरून दिवसभर लोकल धावतात, विमाने डोक्यावरून जातात. रूळ मात्र विमानतळापर्यंत कधी गेले नाहीत. जून 2014 मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली. तिच्या एका स्थानकाला ‘एअरपोर्ट रोड’ असे नाव मिळाले, पण टर्मिनल तिथूनही लांबच.

ही उणीव मेट्रो-3 ने भरून काढली. कफ परेड ते आरे हा 33.5 किलोमीटरचा मार्ग असून त्यावरील 27 पैकी 26 स्थानके जमिनीखाली आहेत. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना स्वतंत्र स्थानक आहे. पायाभरणी ऑगस्ट 2014 मध्ये झाली, निम्म्याहून अधिक पैसा जपानच्या कर्जातून आला. आरेच्या कारशेडचा वाद, झाडांची तोड, सरकारांची अदलाबदल यांत वर्षे गेली आणि 23,136 कोटींचा खर्च 37 हजार कोटींच्या वर पोहोचला. ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी, मे 2025 मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि 9 ऑक्टोबर 2025 पासून कफ परेडपर्यंत गाडी धावू लागली.

आमच्या वाचकांच्या दृष्टीने खरा टप्पा हा शेवटचाच. सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड ही स्थानके जुन्या बाजारपेठांच्या उंबऱ्यावर आहेत. या उंबऱ्याची किंमतही काहींनी मोजली आहे. काळबादेवी-गिरगावातील जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, त्यांतल्या रहिवाशांना आणि दुकानदारांना त्याच भागात पुन्हा जागा देण्याचे ठरले. ज्यांची दुकाने वाचली त्यांनीही वर्षानुवर्षे पत्र्याच्या कुंपणाआड बसून गिऱ्हाइकाची वाट पाहिली. मेट्रोचे कौतुक करताना हा हिशेब विसरता कामा नये.

आता फायद्याकडे वळू. झवेरी बाजारचा कारागीर त्याच गाडीने सीप्झच्या दागिन्यांच्या कारखान्यांपर्यंत जाऊ शकतो. धारावीच्या चामड्याच्या कारागिरालाही घराजवळ स्थानक मिळाले आहे. बाहेरगावचा खरेदीदार विमानातून उतरून काही स्थानकांत त्याच्या गाळ्याजवळ येऊ शकतो. पासपोर्टच्या कामासाठी बीकेसीला खेटे घालणाऱ्यांचीही सोय झाली. हज हाऊस सीएसएमटीपासून जवळ असल्याने यात्रेकरूंना निरोप द्यायला आलेल्या गावाकडच्या नातलगांना विमानतळ गाठणे सोपे झाले आहे. सुरुवातीला ठरवलेले भाडे 10 ते 70 रुपये, म्हणजे टॅक्सीशी तुलनाच नको.

पण माल? तो मेट्रोने जात नाही. सहारच्या कार्गोत पाठवायच्या पेट्यांना टेम्पोच लागणार, आणि टेम्पोवाला वाहतूक कोंडीचे पैसे आपल्याकडूनच घेणार. मेट्रोने जायचा तो माणूस आणि त्याच्या हातातली बॅग. ही बॅगही स्थानकापासून टर्मिनलपर्यंत ओढत न्यावी लागते, तेव्हा वेळेचा थोडा ऐवज हाताशी ठेवावा.

आमची मुख्य तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. संपूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा पहिली गाडी सहाच्या सुमारास आणि शेवटची रात्री साडेदहाला ठेवण्यात आली. दुबई, जेद्दाह, मस्कतकडची कित्येक विमाने मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. रात्री तीनच्या विमानाला जाणाऱ्याने एकतर साडेदहापूर्वीच जाऊन टर्मिनलवर बसून राहावे किंवा टॅक्सी करावी. रुळांची देखभाल रात्रीच होते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी शुक्रवार-शनिवारच्या रात्री तरी एखाद-दोन जादा गाड्या सोडता येतील का, हा प्रश्न बाजारातल्या संघटनांनी लेखी विचारायला हवा. आखाताशी धंदा करणाऱ्यांनी आपापल्या तिकिटांवरच्या वेळा जमवून त्या निवेदनाला जोडाव्यात.