यूएसबी, ड्रायव्हर आणि नोव्हेंबर महिना



नोव्हेंबर आला की आपल्यापैकी बऱ्याच जणांना घरून एक ठराविक फोन येतो. आईबाबा पेन्शनर, हयातीचा दाखला द्यायचा असतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' सुरू केलं, तेव्हापासून अंगठ्याचं मशीन घरच्या डेस्कटॉपला लावून हे काम घरबसल्या होतं. होतं म्हणजे, मशीन चाललं तर! नाही चाललं तर "अरे, तो पिवळा त्रिकोण परत आलाय." तिकडे सकाळचे नऊ, इकडे न्यू जर्सीत रात्रीचे साडेदहा. आणि दाखला गेला नाही तर पुढची पेन्शन थांबते, त्यामुळे "वीकेंडला बघू" म्हणायची सोय नाही.

अशा वेळी सगळे पहिल्यांदा ड्रायव्हर शोधायला धावतात. माझं म्हणणं, आधी नंबर बघा.

प्रत्येक यूएसबी उपकरण जोडल्याबरोबर स्वतःची ओळख सांगतं. त्यात चार-चार आकड्यांचे दोन नंबर असतात, एक बनवणाऱ्या कंपनीचा (व्हीआयडी) आणि एक त्या मॉडेलचा (पीआयडी). ड्रायव्हर कुठला लावायचा हे विंडोज मुख्यतः त्यावरून ठरवतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्रिकोणवाल्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा.

तिथे व्हीआयडी ०००० दिसला आणि सोबत 'कोड ४३' असेल, तर उपकरणाचं नावच कॉम्प्युटरला ऐकू आलेलं नाही. मग जगातला कुठलाही ड्रायव्हर टाकून काय होणार? दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये, वीजपुरवठ्यात किंवा खुद्द उपकरणात असतो.

२०२३ साली बाबांच्या कॉम्प्युटरला हेच झालं. ठाण्यातला दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड बदला. मी व्हिडिओ कॉलवर नंबर वाचायला सांगितला. "झिरो, झिरो, झिरो, झिरो," बाबांनी चष्मा सावरत वाचलं.

"बाबा, मशीन पुढच्या पोर्टातून काढा आणि मागे लावा."

"मागे म्हणजे टेबल ओढावं लागेल."

"ओढा."

टेबल ओढलं, मशीनचा दिवा लागला, दहा मिनिटांत दाखला गेला. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती वायर सैल झाली की संपलं. मागचे पोर्ट थेट बोर्डावरच असतात. एक्स्टेन्शन केबल आणि स्वस्तातले हबही काढून टाका, कारण यूएसबी २ च्या पोर्टातून ठरलेला करंट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, आणि हबवर तोच सगळ्यांत वाटला जातो. तरीही जमलं नाही तर कॉम्प्युटर बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करा आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. नुसतं शटडाउन करून बोर्डावरची वीज पूर्ण जात नाही.

नंबर नीट दिसतोय आणि 'कोड २८' आहे, तर मात्र खरंच ड्रायव्हर नाही. तो मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. 'तुमचे सगळे ड्रायव्हर अपडेट करतो' म्हणणारे फुकट प्रोग्रॅम आईबाबांच्या कॉम्प्युटरवर कृपया नकोत. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं आलबेल, पण साइटला मशीन सापडत नाही, असं असेल तर 'आरडी सर्व्हिस' चालू आहे का बघा. अंगठ्याच्या मशीनला ड्रायव्हर आणि ही सर्व्हिस, दोन्ही लागतात. निम्मे फोन इथेच मिटतात!

जुन्या स्कॅनरवाल्यांसाठी थोडं वेगळं. विंडोज १० चा नेहमीचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ३२ बिटचा जुना ड्रायव्हर त्यावर चालत नाही, कितीही वेळा इन्स्टॉल करा. काही ६४ बिट ड्रायव्हरसुद्धा 'मेमरी इंटिग्रिटी' या सुरक्षेमुळे अडतात. ती बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. ज्या मशीनवर नेटबँकिंग चालतं तिथे मी ती बंद करणार नाही. त्यापेक्षा स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येणारं व्ह्यूस्कॅन वापरा, किंवा जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. त्यातल्या 'सेन'ला बरेच म्हातारे स्कॅनर ओळखता येतात.

असो. आईबाबा केंद्र सरकारचे पेन्शनर असून ऐंशीच्या पुढे असतील, तर त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तेव्हा मशीन सप्टेंबरातच लावून बघा. आणि वयामुळे ठसेच उमटत नसतील तर ड्रायव्हरशी झटापट करू नका. नोव्हेंबर २०२१ पासून अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवूनही काम होतं. बाबांना तेही सांगून पाहिलं. "टेबल ओढायची सवय झालीय आता," म्हणाले.