आधी कागद, मग कुदळ!
घर बांधताना हक्काची सवलत हातची जाऊ देऊ नका

‘घर पाहावे बांधून’ असे आपले जुने लोक म्हणत. स्वतःचे पक्के घर म्हणजे आपल्या समाजाला नुसता निवारा नव्हे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांनी मानाने उभे राहण्याची ती जागा आहे. आज यवतसारख्या पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावात आपली माणसे पै-पै जोडून घर बांधायला काढतात. विटा-सिमेंटचा हिशेब चोख असतो. कागदांचा मात्र राहून जातो. तिथेच खिशाला चाट बसते.

कामगार उपकर आणि त्यातील सूट

बांधकामाच्या खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर घेण्याचा कायदा १९९६ साली झाला. परवानगीच्या वेळीच तो भरून घेतला जातो. पण स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या १० लाख रुपयांपर्यंतच्या घराला त्याच साली सूट मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात ही मर्यादा ५० लाख रुपये आहे. १८ लाखांच्या घराला जुन्या हिशेबाने १८ हजार रुपये भरावे लागत. आता ते वाचतात. कुणी जुनाच आकडा सांगितला तर नम्रपणे संहितेचा हवाला द्या आणि उत्तर लेखी मागा.

ही सूट ‘स्वतःच्या राहण्यासाठी’ आहे, हे शब्द विसरू नका. रस्त्याकडेला तोंड आहे म्हणून खाली दोन गाळे भाड्याने द्यायला काढले आणि नकाशात दुकाने दाखवली, तर ते निव्वळ राहते घर उरत नाही. व्यापारी वापराला विकास शुल्कही जास्त पडते. गाळा हवा असेल तर जरूर काढा, पण हा खर्च आधी मांडा. खर्चाचे अंदाजपत्रक परवानाधारक अभियंत्याकडून घ्या. जुन्या उपकर नियमांत जागेची किंमत बांधकाम खर्चात धरलेली नव्हती, म्हणून जमीन आणि बांधकाम यांचे आकडे वेगळे लिहून घ्या.

‘परवानगी नको’ म्हणजे काय?

१५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणे २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने सोपे केले. यावरून ‘काहीच करायला नको’ असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. मालकीचा कागद, मोजणी नकाशा, घराचा नकाशा, अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि विकास शुल्काची पावती द्यावीच लागते. दौंड तालुक्याचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात आहे. म्हणून आपल्या गटाला परवानगी कोण देते, हे ग्रामपंचायतीत आधी विचारा. जे द्याल त्याची पोच घ्या. कागद नसलेले घर उद्या बँकेच्या कर्जाला आणि मुलांच्या वारसाहक्काला अडसर ठरते.

रमाई आवास

अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. किमान २६९ चौरस फुटांचे घर बांधायचे असते. इथे सर्वांत मोठा धोका उतावळेपणाचा! मंजुरी येण्याआधी जुने घर पाडले, तर जुन्या घराचा आणि जागेचा फोटो राहून जातो आणि प्रकरण अडते. आधी मंजुरीचा आदेश हातात घ्या. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात; प्रत्येक टप्प्यावर तपासणी आणि फोटो झाल्याची खात्री करून घ्या. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते, तीही हजेरीपट न भरल्याने बुडू देऊ नका. चौकशी दौंडच्या पंचायत समितीत करावी.

हा पैसा कुणाचा?

उपकर चुकवण्याचा सल्ला आम्ही देत नाही. सूट आहे तेथे ती घ्यावी. नाही तेथे उपकर आनंदाने भरावा. कारण तो पैसा बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि त्यातून गवंडी, बिगारी, सुतार यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. त्यांतले कितीतरी आपलेच बांधव आणि भगिनी आहेत. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण विसरू शकत नाही. तुमच्या घरात कुणी बांधकामावर जात असेल आणि वय १८ ते ६० असेल, तर वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र घेऊन मंडळात नोंदणी करा.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. वाचलेली सूट त्या चौथ्या भागात टाका. घराच्या पायाबरोबर संसाराचा पायाही पक्का होईल. आणि गृहप्रवेशाच्या दिवशी वंदना घेताना मनावर कर्जाचे ओझे राहणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!