रविवारचा गड आणि आठवड्याचा हिशेब

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या दक्षिण-नैर्ऋत्य कडेचे दोन डोंगरी तालुके. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर हे सगळे याच टापूत येतात. वेल्ह्याला 'राजगड' हे नाव देण्यास २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. पुण्यातून सकाळी लवकर निघाले की दोनेक तासांत गडाचा पायथा गाठता येतो. त्यामुळे आठवडाभर खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्या अनेकांचा व्यायाम, त्यांचे श्रमदान आणि पुढच्या मोठ्या प्रवासाची तयारी या तिन्ही गोष्टी इथल्या चढणींवर एकत्र येतात. नोकरी सांभाळून एवढे सगळे जमते ते या एकत्र येण्यामुळेच. दिवसाचे चार वाटे केले तर प्रत्येक वाटा अपुरा पडतो, म्हणून एका दिवसात दोन-तीन कामे साधतील असे दिवस निवडावे लागतात. काही गोष्टी मात्र अशा एकत्र बसत नाहीत, आणि त्या कोणत्या हे आधी कळलेले बरे.

पहिला प्रश्न व्यायामाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. तोरण्याची उंची १४०३ मीटर आणि राजगडाची १३७६ मीटर. वेल्हे गावातून तोरणा किंवा गुंजवण्यातून चोरदरवाजाने राजगड चढायला साधारण अडीच-तीन तास लागतात, म्हणजे एका रविवारी आठवड्याचा हिशेब पुरा होतो. असा एकदोन दिवसांत उरकलेला व्यायाम कामी येतो का, याचे उत्तर २०२३ मध्ये अमेरिकेच्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासाने दिले. ब्रिटनमधील ८९,५७३ जणांच्या मनगटावर बांधलेल्या यंत्रांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. आठवड्याचा बहुतेक व्यायाम एकदोन दिवसांत करणाऱ्यांमध्येही हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका, रोज थोडाथोडा व्यायाम करणाऱ्यांइतकाच कमी दिसला. नोकरदारांना यातून खरा दिलासा मिळतो.

पण गुडघे आणि मांड्या हा अभ्यास वाचत नाहीत. चढताना दम लागतो, तर उतरताना स्नायू दुखावतात. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो. त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे एकदोन दिवसांनी सर्वांत जास्त जाणवते. रविवारी घसाऱ्यावरून धावत उतरलेला माणूस सोमवारी-मंगळवारी ऑफिसचा जिना धरून उतरतो तो यामुळे. स्नायूला अशा भाराची आधी सवय असेल तर पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. म्हणून आठवड्यातले दोन दिवस उठाबशा, सावकाश जिने उतरणे आणि पाठीच्या व्यायामासाठी राखावेत. आरोग्य संघटनेनेही स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा स्वतंत्रपणे सांगितला आहे. पुण्यात राहणाऱ्यांना त्यासाठी पर्वती किंवा वेताळ टेकडी पुरते. हा भाग रविवारवर ढकलता येत नाही, आणि झोपही नाही. शनिवारी रात्रभर जागून पहाटे गाडी हाकणे हा या सगळ्या छंदातला सर्वांत धोक्याचा भाग आहे.

श्रमदानाचे, म्हणजे गडांच्या जतनाचे, काम याहून खोल आहे. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला असे मानले जाते. रायगडावर जाण्यापूर्वी सुमारे पाव शतक शिवाजी महाराजांचा कारभार राजगडावरून चालला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. राजगड राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली असल्यामुळे तिथला एक दगड हलवायलाही परवानगी लागते. हा नियम काहींना जाचक वाटतो, पण त्याला कारण आहे. तटात वड-पिंपळाचे झाड रुजले की मुळे सांध्यांत शिरून दगड सैल करतात, आणि तेच झाड उत्साहाच्या भरात उपटले तर मुळांबरोबर तटाचा तुकडाही खाली येतो. कुठले झाड कसे मारायचे हे जाणकाराने ठरवायचे असते. नवख्यांच्या वाट्याला येते ते पाण्याच्या टाक्यांतला गाळ काढणे, बुजलेल्या पायऱ्या मोकळ्या करणे आणि प्लास्टिक पोत्यांत भरून खाली आणणे.

गाळ काढण्याचे काम उन्हाळ्यात, टाकी आटल्यावर होते. माणसांची रांग लागते, भरलेली घमेली हातोहात पुढे जातात आणि रिकामी परत येतात. दोन-तीन तास असे उभे राहिले की खांदे, पाठ आणि कंबर यांना व्यायामशाळेची गरज उरत नाही. मात्र अशा मोहिमेला महिन्यातून एकदा, पण नेमाने येणारा माणूस वर्षातून एकदा मोठ्या जमावासोबत येणाऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचा असतो. मागच्या वेळी काम कुठे थांबले हे त्याला ठाऊक असते आणि नव्या लोकांनाही तो शिकवू शकतो. बचावकार्याची जबाबदारी वेगळीच आहे. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारख्या यंत्रणेबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांना हाक कधी येईल ते सांगता येत नाही. नोकरीच्या ठिकाणी आधीच बोलणे झालेले असेल तरच ही जबाबदारी घ्यावी.

शहरातून येणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही की भोर-वेल्ह्यातली घरेही हीच कसरत करत असतात. इथली तरुण मुले शिरवळ, खेड-शिवापूर किंवा पुण्यात नोकरी करतात आणि घरी भातशेती असते. पाऊस लागला की चिखलणी करून लावणी उरकावी लागते. रोपे वयात आली की ती थांबत नाहीत, आणि पाऊस रजेच्या अर्जाप्रमाणे पडत नाही. अशा वेळी सावड उपयोगी पडते: आज या घरची लावणी सगळ्यांनी मिळून करायची, उद्या त्या घरची. पैशाची देवघेव नाही, श्रमाची फेड श्रमाने. श्रमदान हा शब्द शहरातून येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आले आहे. ऐन लावणीच्या जुलैतच मढे घाट आणि धबधब्यांकडे मोटारींची रीघ लागते आणि अरुंद रस्त्यांवर शेतकऱ्याचा खोळंबा होतो. गडांवर प्रेम असणाऱ्यांनी पावसाळ्यातले रविवार शहराजवळच्या टेकड्यांवर काढावेत आणि इकडे दिवाळीनंतर यावे. तेव्हा हवा कोरडी असते, वाट दिसते आणि गावातल्या घरी पिठलं-भाकरी सांगितली तर ती करणाऱ्या बाईलाही सवड असते.

उरला तो मोठा प्रवास, बहुधा हिमालयातला. त्याची सुरुवात रजेपासून होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असलेल्या आस्थापनांसाठी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा अशी तरतूद आहे. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंतची, ५३६४ मीटर उंचीपर्यंतची पदयात्रा दोन आठवडे घेते, म्हणजे वर्षभराची साठलेली रजा जवळजवळ तिथेच संपते. त्यात दिवस वाचवायचा मोह होतो आणि कात्री लागते ती विश्रांतीच्या दिवसांना. तिथेच घात होतो. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे पर्वतीय वैद्यकशास्त्र सांगते. तोरण्यावर कितीही चढउतार केले तरी विरळ हवेची सवय होत नाही, कारण तिचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो.

पाय मात्र इथेच तयार होतात. संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेने बुधला माचीवर चढणारी राजगड-तोरणा वाट त्यासाठी उत्तम. पाठीवर सॅक घेऊन सलग दोन दिवस चालण्याचा सराव प्रवासाआधीच्या तीन-चार महिन्यांत दोन-तीनदा व्हायला हवा. निघण्यापूर्वीचे दोन आठवडे भार कमी करावा, दगडमातीच्या कामातूनही सुट्टी घ्यावी आणि तसे गटाला आधी कळवावे. एप्रिल-मेमध्ये हिमालयात जाणाऱ्यांची टाक्यांच्या गाळउपशाची मोहीम चुकते. त्यांनी हिवाळ्यातल्या पायऱ्या मोकळ्या करण्याच्या कामात नाव द्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला जाणाऱ्यांना उन्हाळा पूर्ण मोकळा मिळतो, आणि घमेल्यांच्या रांगेत माणसे तेव्हाच कमी पडतात.