बसकी मोटार आणि रुंद चाके

श्रोतेहो, शहापूरहून भातसानगरकडे जाताना हल्ली एखादी मोटार अशी दिसते की, तिचे पोट आता जमिनीला टेकते की काय असे वाटावे. चाके रुंद, टायर मात्र भाकरीच्या कडेएवढे पातळ! तरुण मुले वळून पाहतात. पाहायला हरकत नाही. पण या हौसेमागचे शास्त्र काय, ते आज पाहू.

पेंढ्याने उंच रचलेली बैलगाडी वळणावर कलंडते. तेवढ्याच वजनाची भाताची पोती भरलेली गाडी सहसा कलंडत नाही. वजन खाली, म्हणजे गुरुत्वमध्य खाली. मूळ स्प्रिंग काढून आखूड स्प्रिंग बसवण्याचा हेतू हाच. पण लाभ किती? गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर असेल आणि गाडी अडीच सेंटिमीटर खाली घेतली, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार जेमतेम साडेचार टक्क्यांनी कमी होतो. शर्यतीत एवढेही पुष्कळ. कसारा घाटात ट्रकच्या मागून चाललेल्या माणसाला ते कळणारही नाही.

तोटा मात्र लगेच कळतो. स्प्रिंग आखूड झाली की चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. खड्ड्यात ते आतल्या रबरी ठोकळ्यावर आदळू नये म्हणून स्प्रिंग कडकही करावी लागते, आणि कडक स्प्रिंगला आवरणारे शॉकअब्सॉर्बर त्याच जोडीचे लागतात. जुनेच ठेवले तर गाडी उसळत राहते. आणि चाकाने रस्ता सोडला की ब्रेक काय कामाचा? कोणी कोणी पैसे वाचवायला मूळ स्प्रिंगचेच एक-दोन वेढे कापून घेतात. हे तर फारच वाईट. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. वेढे कमी झाले की तीच तार कडक का होते, हे शिक्षकांनी बॉलपेनातली स्प्रिंग अर्धी कापून वर्गात दाखवावे: तेवढ्याच दाबाने ती निम्मीच दबते.

आता गतिरोधक घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे तो 10 सेंटिमीटर उंच, पण 3.7 मीटर रुंद हवा. स्कोडा ऑक्टाव्हियासारख्या सेदानच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे 2.68 मीटर अंतर असते. म्हणून माथ्यावर आल्यावर चारही चाके उंचवट्यावरच असतात, आणि पोटाखालची जागा पाच-साडेपाच सेंटिमीटरच घटते. बसकी गाडीही हळू नेली तर निभावते. पण वाडीवस्तीवर लोक स्वतःच जो अरुंद, उभा बांध घालतात, तो पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध येतो आणि त्याची सगळी उंची पोटाला भोवते. त्यात पाच माणसे आणि लग्नाचे सामान भरलेले असले, म्हणजे ऑइल चेंबर फुटलाच म्हणून समजा.

चाकांचा हिशेब टायरवरच छापलेला असतो. 225/45 आर 17 म्हणजे रुंदी 225 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 45 टक्के, सुमारे 101 मिलिमीटर, आणि रिम 17 इंची. 18 इंची रिम घेतली तर टायर 225/40 घ्यावा. मग एकूण व्यास 634 वरून 637 वर जातो आणि स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. रुंद टायर कोरड्या डांबरावर चांगली पकड देतो, हे खरे. पण पावसात त्याला जास्त पाणी बाजूला सारावे लागते, आणि वेगात तो पाण्यावर लवकर तरंगतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. आषाढातल्या सरीत तिथे हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

ज्यांनी हा उद्योग करून टाकलाच आहे, त्यांनी निदान अलाइनमेंट करून घ्यावे. गाडी खाली बसली की बहुतेक चाके वरच्या बाजूला आत कलतात आणि टायरची आतली कड आधी झिजते. बाहेरून ती दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उभी करावी, म्हणजे पुढच्या टायरच्या आतल्या कडेपर्यंत बोटे पोचतात.