पानापासून गोळीपर्यंत दीड वर्ष

फाल्सिपेरम जातीच्या हिवतापात हाताशी वेळ फार थोडा असतो. उपचार मिळाले नाहीत, तर लहान मुलाचा आजार २४ तासांत गंभीर वळण घेऊ शकतो. मात्र त्या मुलाला जी गोळी द्यायची, ती तयार व्हायला पेरणीपासून धरले तर १४ ते १८ महिने लागतात. कारण गोळीतला मुख्य घटक, आर्टेमिसिनिन, आजही प्रामुख्याने एका झुडपाच्या पानांतून काढला जातो. त्यामुळे आज तापाने फणफणलेल्या मुलाला औषध मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी दीड वर्षापूर्वी कुणीतरी बांधलेल्या अंदाजावर अवलंबून असते. हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकल्याचे गेल्या वीस वर्षांत दिसले आहे. कमी पडला, तेव्हा दवाखान्यांत गोळ्यांची टंचाई झाली. जास्त झाला, तेव्हा शेतकरी बुडाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार जण दगावले. यातले बहुतांश मृत्यू आफ्रिकेतले. तिथे हिवतापाने मरण पावणाऱ्या दर चार जणांपैकी सुमारे तीन जण पाच वर्षांखालील मुले असतात. आपल्याकडे गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम हिवताप आजही आरोग्य यंत्रणेची परीक्षा पाहतो.

जुन्या पोथीतला धागा

या झुडपाचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ॲन्युआ. चीनमध्ये त्याला छिंगहाव म्हणतात. व्हिएतनाम युद्धात हिवतापाने सैनिक मरत होते आणि क्लोरोक्विन हे तेव्हाचे हुकमी औषध निष्प्रभ होऊ लागले होते. त्यामुळे चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त संशोधन मोहीम सुरू केली. तारखेवरूनच तिचे नाव पडले, ‘प्रकल्प ५२३’. बीजिंगच्या संशोधिका तू योयो १९६९ मध्ये या कामात आल्या. त्यांच्या चमूने जुन्या वैद्यक ग्रंथांतून दोन हजारांवर पाठ गोळा केले आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले.

छिंगहावचा अर्क सुरुवातीला कधी लागू पडे, कधी नाही. चौथ्या शतकातले वैद्य गे हाँग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस पिण्यास सांगितले होते. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे, असा तर्क तू योयो यांनी केला आणि कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतले हिवतापाचे परजीवी पूर्णपणे नष्ट केले. रुग्णांना देण्याआधी तू योयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. या कामासाठी २०१५ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

भारतातही या वनस्पतीवर काम झाले. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तिची लागवड आणि जास्त औषधी द्रव्य देणारे वाण विकसित केले. लखनौच्याच केंद्रीय औषध संशोधन संस्थेने आर्टेमिसिनिनपासून आर्टीथर हे इंजेक्शन तयार केले. मुंबईच्या इप्का आणि सिप्ला या कंपन्या आर्टेमिसिनिनवर आधारित गोळ्या आफ्रिकेला पुरवतात.

शेतातून कारखान्यात

आर्टेमिसियाचे बी इतके बारीक असते, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे मावतात. त्यामुळे आधी रोपे तयार करावी लागतात. लागवडीनंतर काही महिन्यांनी, फुलोरा येण्याच्या सुमारास, झाड कापतात, वाळवतात आणि पाने झोडून वेगळी करतात. सुक्या पानांत आर्टेमिसिनिन साधारण अर्धा ते एक टक्का असते, म्हणजे एक टन पाल्यातून हाती लागते ते पाच ते दहा किलो. द्रावकाच्या साहाय्याने ते वेगळे काढतात. मग दुसऱ्या कारखान्यात त्यापासून आर्टीमीथर किंवा आर्टेसुनेट बनते आणि तिसऱ्या टप्प्यावर, दुसऱ्या एका हिवतापविरोधी औषधाच्या जोडीने, गोळी तयार होते. जोडीचे औषध यासाठी, की एकट्या आर्टेमिसिनिनला परजीवी लवकर सरावू नये. या जोडगोळ्यांना ‘एसीटी’ म्हणतात.

चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेत हे पीक घेणारे बहुतेक जण छोटे शेतकरी आहेत. पाला घरी खाता येत नाही आणि गावच्या बाजारात विकताही येत नाही. घेणारे मोजकेच अर्क-कारखाने. त्यांनी पाठ फिरवली, की वर्षाची मेहनत पाण्यात जाते.

गरज आणि मागणी

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये एसीटीची शिफारस केली. पुढच्या काही वर्षांत एकामागून एक देशांनी आपली धोरणे बदलली आणि औषध कमी पडू लागले. नोव्हेंबर २००४ मध्ये संघटनेला टंचाईचा इशारा द्यावा लागला. आर्टेमिसिनिनचा भाव किलोला हजार डॉलरच्या पुढे गेला. ते पाहून हजारो शेतकरी या पिकाकडे वळले, नवे अर्क-कारखाने निघाले. २००७ पर्यंत बाजारात इतका माल आला, की भाव दोनशे डॉलरच्या आसपास कोसळला. काही कारखाने बंद पडले, शेतकरी मक्याकडे परतले. लागवड घटल्यावर पुन्हा तुटवडा आला आणि २०११ मध्ये भाव पुन्हा हजार डॉलरच्या जवळ पोहोचला. कांदा पिकवणाऱ्या नाशिकच्या शेतकऱ्याला हे चक्र समजावून सांगण्याची गरज नाही.

या घोळाच्या मुळाशी गरज आणि मागणी या दोन गोष्टींची गल्लत होती. सुरुवातीचे अंदाज गरजेवर बांधलेले होते. लोकसंख्या किती, वर्षाला एका माणसाला ताप किती वेळा येतो, त्यातले हिवतापाचे ताप किती, असा तो हिशेब. कारखान्यांकडे प्रत्यक्षात जी ऑर्डर येते, ती मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरते. देशाला निधी मंजूर झाला का, तो हातात पडला का, निविदा निघाली का, आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण झाले का, यांवर. यातले काहीही लांबले, की आजारी माणसे तेवढीच राहतात आणि ऑर्डर मात्र निम्म्यावर येते. २००४-०५ मध्ये नेमके हेच घडले. शेतकऱ्यांनी गरजेचे आकडे ऐकून पेरणी केली होती आणि कंपन्यांनी खरेदी केली ती हातात आलेल्या मागणीपुरती.

दुसरी चूक मोजणीतच होती. अनेक गावांत तपासणीची सोय नसल्याने येणारा प्रत्येक ताप हिवताप समजला जाई. म्हणजे अंदाजाच्या पायातला आकडाच कच्चा होता. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन १५-२० मिनिटांत निदान करणाऱ्या पट्ट्या स्वस्त झाल्यावर, २०१० मध्ये, संशयित रुग्णाची आधी तपासणी आणि मगच औषध, अशी शिफारस झाली. या पट्टीने रुग्णाचे भले झालेच, शिवाय हिवतापाचे खरे रुग्ण किती याची नोंदही मिळू लागली.

यीस्टचा पर्याय

झाडावरचे हे अवलंबित्वच संपवावे, असाही प्रयत्न झाला. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ जे कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये आर्टेमिसियाची जनुके घालून आर्टेमिसिनिक आम्ल तयार करून दाखवले. त्यापासून रासायनिक प्रक्रियेने आर्टेमिसिनिन बनते. २००४ मध्ये, टंचाईच्याच वर्षी, गेट्स फाउंडेशनने या कामाला ४ कोटी २६ लाख डॉलर दिले. सनोफी कंपनीने इटलीतल्या गारेसिओ येथे कारखाना उभारला आणि २०१३ मध्ये उत्पादन सुरू केले. जगाच्या गरजेचा सुमारे एक तृतीयांश वाटा तिथून निघू शकला असता.

पण तोवर शेतातला माल पुन्हा मुबलक झाला होता. झाडापासूनचे आर्टेमिसिनिन किलोला अडीचशे डॉलरच्या खाली मिळत होते, तर यीस्टपासूनचे साडेतीनशे ते चारशे डॉलरना पडत होते. २०१५ मध्ये कारखान्यातून काहीच उत्पादन झाले नाही आणि पुढे तो विकला गेला. टंचाईच्या काळात आखलेला उपाय मुबलकतेच्या काळात तयार झाला होता. विज्ञान उत्तम साधले होते, बाजाराचा अंदाज मात्र साधला नव्हता.

आकडे कुणाच्या हाती?

या धक्क्यांनंतर माहिती गोळा करून ती उघड करण्याकडे लक्ष गेले. युनिटेड या संस्थेच्या निधीतून २००९ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमाने अर्क-कारखान्यांना कर्जे दिली, म्हणजे ते शेतकऱ्यांशी आगाऊ करार करू शकतील. लागवड किती, भाव काय, व्यापार किती, याची आकडेवारीही या उपक्रमाने सर्वांसाठी प्रसिद्ध केली. याच काळात गरजेऐवजी निधी, निविदा आणि प्रत्यक्ष खप यांवर आधारलेले मागणीचे अंदाज तयार होऊ लागले. अनेक आफ्रिकी देशांत आता आरोग्य केंद्रांच्या मासिक नोंदी ‘डीएचआयएस-२’ या खुल्या संगणक प्रणालीत भरल्या जातात. त्यामुळे कुठल्या जिल्ह्यात रुग्ण वाढले आणि कुठे साठा संपत आला, हे वर्षअखेरीच्या अहवालाची वाट न पाहता कळू शकते.

साठा कुठल्या रूपात ठेवायचा, हाही आकड्यांनीच सोडवायचा प्रश्न आहे. तयार गोळ्यांची मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते. शुद्ध आर्टेमिसिनिनची भुकटी त्याहून अधिक टिकते. म्हणून मंदीच्या वर्षात भुकटी घेऊन ठेवली, तर शेतकऱ्याचा माल पडून राहत नाही आणि टंचाईच्या वर्षात रुग्णाला गोळी मिळते. यासाठी त्या भुकटीत पैसा अडकवायची कुणाची तरी तयारी हवी आणि ती तयारी विश्वासार्ह अंदाजाशिवाय होत नाही.

यापुढे हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होणार आहे. लहान मुलांसाठी हिवतापाच्या दोन लशी आल्या आहेत. त्यातली आर-२१ ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. लशीमुळे रुग्ण घटले, तर गोळ्यांची मागणी बदलेल. गंमत म्हणजे लशीचा परिणाम वाढवणारा घटकही एका झाडाच्याच सालीतून मिळतो. ते झाड म्हणजे चिलीतले क्विलाजा. दुसरीकडे, आग्नेय आशियात आणि आता पूर्व आफ्रिकेत आर्टेमिसिनिनला अंशतः दाद न देणारे परजीवी आढळले आहेत. ते कुठे आणि किती वेगाने पसरतात, याची नोंद वेळेवर मिळाली नाही, तर चुकीच्या औषधाचे साठे भरले जातील.

घरगुती प्रयोग नकोत

झाडातच औषध आहे, तर पानांचा काढा का घेऊ नये, असे अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटना आर्टेमिसियाच्या काढ्याची वा सुक्या पानांची शिफारस करत नाही. पानांतले औषधाचे प्रमाण वाणानुसार, हंगामानुसार बदलते. अपुरी मात्रा मिळाली, तर रुग्ण बरा होत नाही आणि वाचलेले परजीवी औषधाला सरावू शकतात. जोतिबाला वाहतात तो दवणा याच आर्टेमिसिया कुळातला, पण वेगळ्या जातीचा. त्याला हिवतापाचे औषध समजू नये. ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे आणि हिवताप निघाल्यास, बरे वाटू लागले तरी, गोळ्यांचा पूर्ण कोर्स संपवावा.

गडचिरोलीतल्या पाड्यावर आशाताई पट्टीवर रक्ताचा थेंब घेते आणि निकाल वहीत लिहिते, तेव्हा त्या घरातल्या रुग्णाचे निदान होते. आफ्रिकेतल्या खेड्यांतही आरोग्यसेवक हेच करतात. वहीतली ती ओळ तालुका, जिल्हा, राजधानी करत खरेदीच्या टेबलापर्यंत खरी आणि वेळेत पोहोचली, तर पुढच्या हंगामात किती एकरांवर आर्टेमिसिया लावायचा, हे कारखानदाराला ठरवता येते. तोच आकडा शेतकऱ्यालाही पेरणीआधी मिळायला हवा. आजवरच्या प्रत्येक मंदीत सर्वाधिक तोटा त्यानेच सोसला आहे.